खाडे

रात्रीचे दोन. कुलाब्याच्या टोकाला आमच्या खोलीत
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि पडद्यावर आकडा वर जातो, खाली येतो.
दोनशे त्र्याऐंशी सेकंद. पुन्हा दोनशे त्र्याऐंशी.
एवढ्यात चहाला उकळी येते,
एवढ्यात तो पल्सार स्वतःभोवती एकदा वळतो :
कुलाबा ते सांताक्रूझ, एवढाच गोळा,
आत दीड-पावणेदोन सूर्य
बरणीत लोणचं दाबावं तसे, हवेला जागा न ठेवता.

शेजारी ती. निळी, अवाढव्य.
तिच्या अंगावरून सारखा वारा सुटलेला,
त्यातला मूठभर हा ओढून घेतो
आणि तेवढ्यावर पेटतो.
आमच्या यंत्राला ती दिसत नाही.
क्ष-किरणांत ती म्हणजे नुसतं आड येणं.

मग ती आहे कशावरून?
उशिरावरून.
ठोके कधी एकशे तेरा सेकंद आधी येतात,
कधी तेवढेच मागाहून, नऊ दिवसांत एक फेरी.
उशीर मांडत गेलं की कागदावर लाट उठते,
आणि लाटेवरून कळतं
हा कुणाभोवती तरी फिरतोय.
उशीर सगळ्यात जास्त होतो
नेमका तेव्हाच तो तिच्यामागे जातो.
मग पावणेदोन दिवस काही नाही.

ज्या पेटीत हे किरण अडकतात
तिच्यातल्या तारा गास्पर अंकलनी ताणल्या,
केसाहून बारीक, सोन्याचा मुलामा दिलेल्या.
‘पोरी, शिंकलीस तर माझा महिना गेला.’
आता ती पेटी वर आहे, दिवसाला चौदा फेऱ्या,
आणि ब्राझीलजवळच्या समुद्रावर
दर वेळी डोळे मिटून घेते. घ्यावेच लागतात.
त्या ओळींपुढे मी वहीत लिहिते : खाडा.
अर्देशीर सरांनी विचारलं, ‘हा कोणता टर्म?’

आईचा.
बाबा ससून डॉकला, बर्फाच्या कारखान्यात, कॉम्प्रेसरवर.
आई कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायची, निळ्या पेनानं,
आणि त्याच चौकोनात, कोपऱ्यात, पेन्सिलीनं
बाबा घरी आल्याची वेळ.
नऊ वीस. नऊ पंधरा. नऊ पंचवीस. अकरा चाळीस.
विचारलं तिनं कधीच नाही.
ताट झाकून ठेवायची, वर वाटी उपडी.
एका मार्चमध्ये दोन चौकोन कोरे आहेत.
दुधाचा खाडा नाही त्यात. दूध आलं होतं.

आठ वर्षांची कॅलेंडरं, सुतळीनं बांधलेली,
माझ्या कपाटात खालच्या खणात.
कुठल्याही वेळांच्या यादीतून
लपलेली फेरी शोधून काढणारा प्रोग्रॅम मीच लिहिलाय.
चार मिनिटांचं काम.
नऊ दिवस निघतील, की सव्वीस,
की नुसताच गोंगाट : बिघडलेला व्हॉल्व्ह,
मित्राच्या पोराची फी, डॉकवर आलेलं जास्तीचं जहाज.

सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते,
‘पहिले तुझा स्वतःचा फिरणा काढून टाक, डिकरी.’
म्हणजे पृथ्वीचं. आपण जिथून बघतो
ती जागाच मुळी हलत असते,
ते वजा केल्याशिवाय
दुसऱ्याच्या उशिराबद्दल बोलायचं नाही.
पृथ्वीचं मी वजा करते, मायक्रोसेकंदापर्यंत.
पण त्या आठ वर्षांत मी पलीकडच्या खोलीत
पांघरुणाखाली जागी असायचे,
कडी वाजली की डोळे मिटायचे,
त्याचं कोष्टक कुठे मिळत नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी आकडा हलला.
आधी वाटलं गोंगाट.
मग एक ठोका. थांबले. चहा गार.
मग दुसरा, वेळेवर,
म्हणजे जेवढा उशीर व्हायला हवा होता तेवढ्याच उशिरा.

मुख्य नोंद आपोआप होते.
तरी मी वहीत वेळ लिहिली,
कोपऱ्यात, पेन्सिलीनं.